जाणकार कान आणि साधे स्पीकर

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात ज्यांची हयात गेली, अशा माणसाच्या घरी प्रथमच जाणाऱ्याची पुष्कळदा निराशा होते. ज्याने दिवसभर लाखो रुपयांच्या यंत्रसामग्रीपुढे बसून एकेका स्वराची पारख केली, त्याच्या दिवाणखान्यात भिंत व्यापून टाकणारे स्पीकर असतील, मनगटाएवढ्या जाडीच्या तारा असतील आणि खोलीच्या मधोमध एकच राजासन असेल, अशी पाहुण्याची समजूत असते. प्रत्यक्षात आढळते ती पुस्तकांच्या फळीवर ठेवलेली लहानशा स्पीकरांची एक जोडी, नाहीतर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला जुना रेडिओ. हा नियम नव्हे. घरीही उत्तम यंत्रे बाळगणारे व्यावसायिक आहेत. तथापि अपवाद म्हणून सोडून द्यावी इतकी ही गोष्ट विरळाही नाही.

‘दिव्याखाली अंधार’ किंवा ‘पिकते तिथे विकत नाही’ अशा म्हणींनी या प्रश्नाची बोळवण करता येते. लग्नाच्या पंगतीत पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा आचारी घरी पिठले-भाकरीवर तृप्त असतो, हा दाखलाही पुढे केला जातो. परंतु म्हणी वस्तुस्थिती सांगतात. कारण सांगत नाहीत. ज्याला एखाद्या मालाची सर्वांत अधिक माहिती आहे, तोच ग्राहक त्या मालावर कमी खर्च करतो, ही घटना अर्थशास्त्राच्या दृष्टीने क्षुल्लक म्हणता येणार नाही. माहिती वाढली की मागणी का घटावी?

प्रथम एक साधा भेद लक्षात घ्यावयास हवा. तोच स्पीकर ध्वनिमुद्रणगृहात भांडवली वस्तू असतो आणि घरात उपभोग्य वस्तू. मुद्रणगृहातील स्पीकर गोडवा वाढविण्यासाठी नसून दोष उघडे पाडण्यासाठी असतो. गायिकेचा ‘स’ कोठे कानाला टोचतो, तबल्याच्या बायाँचा घुमारा शब्दांना कोठे गिळतो, दोन फितींचा सांधा कोठे जाणवतो, हे त्याने निर्दयपणे सांगावयाचे असते. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप जसा रोगनिदानासाठी असतो, तसाच हा. कोणी डॉक्टर संध्याकाळी घरी आल्यावर विरंगुळा म्हणून कुटुंबीयांच्या छातीचे ठोके ऐकत बसत नाहीत.

या व्यवसायाच्या इतिहासातील दोन स्पीकरांची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. यामाहा या जपानी कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचा स्पीकर घरगुती वापरासाठी बाजारात आणला. घरगुती ग्राहकाने आणि समीक्षकांनी त्याचे स्वागत थंडपणे केले. त्याचा आवाज मधल्या स्वरपट्टीत कर्कश आणि खर्जात तोकडा, असा अभिप्राय पडला. पुढे ध्वनिमुद्रकांनी त्याला उचलले आणि पाहता पाहता पांढऱ्या पडद्याचा तो काळा ठोकळा जगभरच्या मुद्रणगृहांत मिक्सिंगच्या टेबलावर विराजमान झाला. त्याचा वरचा पट्टा फार तीव्र वाटतो म्हणून त्यावर चक्क पातळ टिश्यू कागद चिकटविण्याची प्रथा पडली. लाखो रुपयांच्या यंत्रांमध्ये कागदाचा कपटा चिकटविलेला स्पीकर, हे दृश्य मोठे मौजेचे असले पाहिजे! नंतरच्या संशोधनात असे आढळून आले की त्याची पेटी बंद असल्यामुळे खर्जाचा नाद उठतो तितक्याच झटकन विरतो आणि त्यामुळे मूळ मुद्रणातील घोटाळा झाकला जात नाही. ज्या गुणामुळे तो घरात नकोसा झाला, त्याच गुणामुळे तो कामाच्या ठिकाणी अपरिहार्य ठरला. त्याच्या पडद्याला लागणारा विशिष्ट लगदा मिळेनासा झाल्यामुळे २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. २००८ साली ग्रॅमीच्या तांत्रिक पुरस्काराने त्याचा गौरव झाला.

दुसरा स्पीकर ऑराटोन नावाचा, अमेरिकेतला. वीतभर लांबी-रुंदी-उंचीची चौकोनी पेटी आणि तीत एकच स्पीकर. खर्ज नाही, तारसप्तकातील चमक नाही. कारागिरांनी त्याचे थट्टेने ‘हॉररटोन’ असे बारसे केले होते. तरीही मायकेल जॅक्सनच्या १९८२ सालच्या ‘थ्रिलर’चे ध्वनितंत्रज्ञ ब्रूस स्वीडियन यांनी आपल्या मिक्सिंगचा बराचसा भाग असल्या पेट्यांवर कान ठेवूनच केला. याचे कारण उघड आहे. ज्या ग्राहकासाठी तबकडी काढावयाची, तो ग्राहक ती मोटारीतील रेडिओवर, हॉटेलातील कर्ण्यावर, स्वयंपाकघरातील छोट्या संचावर ऐकणार होता. त्या साध्या पेटीत जे गाणे तगते ते सर्वत्र तगते. फक्त महागड्या स्पीकरवरच जे शोभते, त्याचा भरवसा धरता येत नाही. ऑराटोन म्हणजे मुद्रणगृहात बसलेला सामान्य श्रोत्याचा प्रतिनिधीच होता. आज ती जागा मोबाइल फोनने आणि कानात घालावयाच्या बोंडांनी घेतली आहे आणि तयार झालेले गाणे फोनवर वाजवून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये, असा रिवाज पडला आहे.

महाराष्ट्रातील श्रोत्याला हे पटण्यास कठीण जाऊ नये. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली आणि पुढील दोन-तीन दशके मुंबईच्या चित्रपटसंगीताने घरोघर प्रवेश केला तो मध्यम लहरींवरून. तरुण निरोगी कानाला २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात; मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही श्रोत्यापर्यंत पोहोचत नसे. त्यात खरखर, त्यात वीजप्रवाहाचा गुणगुणाट, आणि चाळीत शेजारच्या बिऱ्हाडाचे भांडण. तरीही त्या गाण्यांतील एकेक हरकत एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या तबकड्यांवरील सुईची खरखर आजही गाण्याबरोबरच ऐकावी लागते, आणि जाणकार तिच्यासकट ती ऐकतात. संगीताचा आस्वाद ही बव्हंशी मनाची क्रिया आहे. कान जे अपुरे आणून देतो ते मन पुरे करून घेते, आणि तयारीचे कान असलेल्या माणसाला तर हे पूर्ण करणे अधिकच सहज साधते. म्हणूनच गायक-वादकांच्या घरची यंत्रेही पुष्कळदा अगदी सुमार असतात.

आता किमतीच्या प्रश्नाकडे वळावयाचे. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम जर्मन विचारवंत गोसेन याने १८५४ साली मांडला. सहाच वर्षांनी, १८६० मध्ये, फेशनर या दुसऱ्या जर्मन पंडिताने असे प्रतिपादन केले की उद्दीपन पटीपटीने वाढविले तरी संवेदना पायरीपायरीनेच वाढते. हे दोन सिद्धांत जणू एकमेकांची भावंडे आहेत, आणि स्पीकरच्या दुकानात ती दोघेही शेजारी उभी असतात. यंत्राची विद्युत्शक्ती दुप्पट केली तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलनी वाढते; कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. दर्जाच्या बाबतीत असे नेमके कोष्टक मांडता येत नाही, परंतु दिशा तीच आहे. अगदी स्वस्त संच आणि बऱ्यापैकी संच यांतील फरक कोणाच्याही ध्यानात येतो. बऱ्यापैकी आणि उत्तम यांतील फरक कान तयार असेल तर जाणवतो. उत्तम आणि अत्युत्तम यांच्यामध्ये मात्र अनेकदा किमतीच्या चिठ्ठीखेरीज काही उरत नाही. ही वक्ररेषा कोठे सपाट होऊ लागते ते सामान्य ग्राहकाला ठाऊक नसते; व्यावसायिकाला ते रोजच्या कामातून ठाऊक झालेले असते.

अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. अतिउच्च दर्जाचे म्हणून विकले जाणारे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून श्रोत्यांना ऐकविण्यात आले. कोणते कोणते, हे त्यांना सांगितलेले नव्हते. श्रोत्यांत ध्वनिव्यवसायातील माणसे होती, हौशी शौकीन होते, विद्यार्थीही होते. एकूण ५५४ वेळा उत्तर देण्यात आले, आणि त्यांपैकी बरोबर निघाली ४९.८ टक्के. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी एवढेच यश पदरात पडले असते. या प्रयोगावर पुढे बरेच वाद झाले. पण ज्याचा व्यवसायच असे फरक ओळखण्याचा आहे, त्याला स्वतःच्या कानाच्या मर्यादांचा असा अनुभव वारंवार येत असतो. ग्राहकाला तो येतच नाही, कारण दुकानात कोणी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधत नाही.

हा प्रकार केवळ ध्वनीपुरता मर्यादित नाही. चार अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली अमेरिकेतील डोकेदुखीच्या गोळ्यांच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधद्रव्य तेच, फरक फक्त वेष्टनावरील नावाचा. सर्वसाधारण ग्राहक २६ टक्के वेळा महागडी, नामांकित गोळी घेतात असे आढळले, तर औषधविक्रीचे शिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतःच्या घरासाठी केवळ ९ टक्के वेळा. मीठ-साखरेसारख्या जिनसांच्या बाबतीत व्यावसायिक आचारीही इतरांपेक्षा नामांकित मालावर १२ टक्के अंशांनी कमी खरेदी करतात. अर्थात ही तुलना येथेच थांबविली पाहिजे. दोन गोळ्यांतील द्रव्य एकच असते. दोन स्पीकर मात्र खरोखरच वेगळे असतात. त्यामुळे ‘सगळे सारखेच’ असे कोणी व्यावसायिक म्हणणार नाही. फरकाला किती मोल द्यावयाचे, एवढेच तो इतरांहून निराळे ठरवितो.

मग हे वरचे मोल कोण देतो आणि का देतो? थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये प्रदर्शनासाठी होणाऱ्या उपभोगाचे जे विवेचन केले, ते या बाजारपेठेला तंतोतंत लागू पडते. दिवाणखान्यातील भव्य स्पीकर हे पाहुण्यांशी बोलत असतात. गाणे सुरू होण्यापूर्वीच ते बोललेले असतात. ध्वनितंत्रज्ञाला आपल्या जाणकारीची ग्वाही फर्निचरकडून देववून घेण्याची गरज नसते, कारण ती त्याच्या कामाने दिलेली असते. या बाबतीतला सर्वांत गमतीचा दाखला बीबीसीचा. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारींमध्ये, जेथे माणसालाच बसावयास जागा अपुरी, तेथे निवेदकाचा आवाज तपासता यावा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस ३/५ए नावाचा लहानसा स्पीकर तयार केला. खर्ज बेताचा, आवाजाची ताकद बेताची; पण मनुष्याचा आवाज विलक्षण खरा. व्यावसायिकांनी तो घरी नेला, त्यांच्यामागून शौकीन आले, आणि हळूहळू मोटारीतील ते गरीब अवजार संग्राहकांच्या बाजारात चढत्या भावाने विकले जाऊ लागले. साधेपणाचीही शेवटी प्रतिष्ठा झाली. व्हेब्लेनला याचे आश्चर्य वाटले नसते.

खोलीचा विचार तर ग्राहक बहुधा करीतच नाही. ४० हर्ट्झच्या खर्जस्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. मुंबई-पुण्यातील दहा बाय बाराच्या खोलीत ती मावतच नाही. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि एका कोपऱ्यात खर्ज घुमतो, तर दोन पावलांवर तो नाहीसाच होतो. मुद्रणगृहात भिंती, छत आणि फरशी यांवर यंत्रांइतकाच खर्च केलेला असतो, तो याच कारणासाठी. अशा खोलीत खर्जाची मोठी पेटी आणून ठेवणे म्हणजे विहिरीत ढोल वाजविणे होय, हे व्यावसायिक जाणतो. शिवाय १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, आवाज हळू केला की कानाला खर्ज आपोआपच कमी ऐकू येतो. रात्री दहानंतर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची झोप न मोडता गाणे ऐकावयाचे असेल, तर त्या महागड्या खर्जाचा बराचसा भाग कानापर्यंत पोहोचतच नाही. पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

या सर्वांहून महत्त्वाचे एक कारण आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. ते म्हणजे वेळ आणि विश्रांती. स्टाफन लिंडर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली असे दाखविले की उपभोगालाही वेळ लागतो, आणि उत्पन्न वाढते तसतशा वस्तू वाढतात, वेळ तेवढाच राहतो. उंची ध्वनियंत्र हे असे वेळखाऊ साधन आहे. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, श्रोत्याने मान हलवू नये, घरातल्यांनी बोलू नये, तेव्हा कोठे ते आपले पूर्ण फळ देते. परंतु ध्वनितंत्रज्ञाने त्याच त्रिकोणाच्या टोकावर आठ-दहा तास काढलेले असतात. त्याने घरी येऊन पुन्हा तशाच खुर्चीत बसावे, ही अपेक्षा म्हणजे दिवसभर उत्तरपत्रिका तपासलेल्या शिक्षकाने रात्री करमणुकीसाठी आणखी एक गठ्ठा सोडावा अशी अपेक्षा करण्यासारखे आहे. उत्तम स्पीकर समोर असला की त्याचा कान आपोआप कामाला लागतो: येथे प्रतिध्वनी जास्त झाला, तेथे आवाज दाबला गेला. साध्या संचावर दोष ऐकूच येत नाहीत. म्हणून त्याला तेथे एकदाचे गाणे ऐकू येते. पुष्कळांना तर गाणेही नको असते. त्यांना शांतता हवी असते, आणि शहरात शांतता ही स्पीकरपेक्षा महाग वस्तू आहे.

कान हे या माणसाचे भांडवल आहे, आणि या भांडवलाचा घसारा भरून काढण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. मनुष्याच्या एका कानात ध्वनीची जाणीव करून देणाऱ्या सूक्ष्म केसपेशी सुमारे १५ हजार असतात, आणि नष्ट झालेली पेशी पुन्हा उगवत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच सोसावा अशी मर्यादा घातली आहे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. मुद्रणगृहातच दिवसाचा हा शिधा संपलेला असतो. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांची श्रवणशक्ती उतारवयात फार क्षीण झाली, आणि वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात तासन् तास ऐकण्याकडे त्यांनी स्वतःच बोट दाखविले होते. ज्याला हे माहीत आहे, तो घरी आवाजाचे बटण अर्ध्याच्या पुढे नेत नाही. आणि बटण अर्ध्यावरच राहावयाचे असेल तर दोनशे वॉटचे यंत्र कशाला घ्यावयाचे? निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आपल्याकडील २००० सालच्या नियमांतील मर्यादा उत्सवाच्या दिवसांत कशी पाळली जाते, हे सांगण्याची गरज नाही. त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांपाशी उभ्या असलेल्या विशी-बाविशीतल्या तरुणांच्या कानांची चिंता कोण करणार, हा प्रश्न मात्र उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील १०० कोटींहून अधिक तरुण असुरक्षित प्रकारे ऐकण्याच्या सवयींमुळे श्रवणदोषाच्या छायेत आहेत.

मात्र या साधेपणाला केवळ शहाणपणाचे लेणे चढविणे योग्य होणार नाही. या व्यवसायातील पुष्कळांना मिळणारे उत्पन्न अनियमित असते. आज काम, उद्या नाही; आणि जे काम झाले त्याचे पैसेही कधी हाती येतील याचा नेम नसतो. लाखोंच्या यंत्रांवर जो हात फिरवितो त्याच्या मालकीची ती यंत्रे नसतात, ही औद्योगिक समाजातील जुनीच कहाणी येथेही आहे. घरी साधा स्पीकर असणे ही काहींची निवड असते आणि काहींची निकड. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. शिवाय संगणकावर मुद्रण होऊ लागल्यापासून अनेकांच्या घराची एक खोली हेच मुद्रणगृह झाले आहे. तेथे चांगले स्पीकर असतात, पण दार लावून घेतलेल्या खोलीत. दिवाणखान्यात मात्र तोच जुना संच चालू राहतो.

तरीही मध्यमवर्गीय ग्राहकाने या माणसाच्या खरेदीची रीत पाहून ठेवण्यासारखी आहे. शिक्षक, कारकून यांच्या घरात आज हप्त्यांवर येणाऱ्या वस्तूंत संगीताच्या यंत्राचा समावेश झाला आहे, आणि विक्रेता त्यांच्या मनात पहिली शंका पेरतो ती यंत्राविषयी नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या कानाविषयी: ‘तुम्हांला फरक जाणवत नाही?’ या एका प्रश्नापुढे भला माणूस ओशाळतो आणि पुढच्या पायरीचा संच घेऊन टाकतो. मुलांच्या शिकवणीची फी पुढच्या महिन्यावर जाते. सोनारानेच कान टोचावेत असे म्हणतात. दुकानात दोन संच पाठोपाठ वाजविले तर जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, मग तो फरक एखाद्या डेसिबलचा का असेना. म्हणून व्यावसायिक आधी दोहोंचा आवाज सारखा करावयास सांगतो. दुकानाने निवडलेली झगमगीत चाचणीची तबकडी तो बाजूला ठेवतो आणि स्वतःला पाठ असलेले, एकाच आवाजाचे, कमी वाद्यांचे गाणे लावतो. ते ऐकताना तो यंत्राकडे पाहत नाही, किंमत शेवटी विचारतो. मग बहुधा मधल्या किमतीची जोडी उचलतो, आणि उरलेल्या पैशांत खिडकीसाठी जाड कापडाचा पडदा घेऊन घरी जातो.